रेशमातले चाकू

आमच्या घरमालकांच्या खिशात एखादे दिवशी रुमाल नसे, पण चाकू नाही असं कधी झालं नाही. रोजचा चाकू वेगळा. लग्नाला जाताना पितळी मुठीचा, कारण चार माणसांत काढला तर तो बरा दिसतो. मयताला जाताना काळ्या शिंगाच्या मुठीचा. "तिरडी बांधताना सुंभ कापायला ऐनवेळी कुणाकडे काही नसतं, येवलेकर. सगळे रडायला येतात, कामाला कुणी येत नाही."

येवलेकर म्हणजे मी. हे माझं आडनाव नव्हे. पंच्याण्णव साली नोकरी लागून नाशकात आले आणि गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांच्या बंगल्यामागची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी नावाच्या आधी गाव विचारलं आणि तेच नाव ठेवून दिलं. मी त्यांना काका म्हणत असे, त्यांच्या बायकोला काकू. आता दोघंही नाहीत. काका गेल्यावर भाच्यांनी बंगला विकला म्हणे. चाकूंचं काय केलं ते मी विचारलं नाही.

काका पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी पेठ, वणी, निफाड अशी फिरतीची. उंच, सडपातळ, केस मागे वळवलेले, सदरा नेहमी कडक इस्त्रीचा. बोलायला इतका गोड माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. माझे वडील मागावर बसणारे, दिवसभरात चार शब्द बोलले तर खूप. त्यामुळे बोलणाऱ्या माणसाची मला लगेच भूल पडायची.

रविवारी सकाळी हॉलमध्ये सतरंजी अंथरली जायची, तिच्यावर जुनं वर्तमानपत्र. मग काका कपाटातला एक रुंद, उथळ खण दोन्ही हातांनी बाहेर काढायचे, पाळण्यातून झोपलेलं मूल उचलावं तसा. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, कबुतराचं पीस, मऊ धोतराचा तुकडा. एकेक चाकू उघडायचा, बिजागरीत पिसानं तेल सोडायचं, पातं पुसायचं, मिटायचं. मिटताना होणारा आवाज ते डोळे बंद करून ऐकायचे. हे चालू असताना दाराची बेल वाजली तरी उठायचे नाहीत. एकदा गॅसवर दूध उतू जाऊन जळल्याचा वास मागे माझ्या खोलीपर्यंत आला, तरी हे हॉलमध्ये तसेच बसलेले होते.

एखादा चाकू आपण बघायला मागितला तर ते हातात द्यायचे नाहीत. समोर सतरंजीवर ठेवायचे आणि मग आपण उचलायचा. "हातोहात चाकू दिला की नातं तुटतं," असं ते म्हणायचे. तसं आमच्या घरीही म्हणत, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसरं एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं. "धार उसनी, मूठ आपली. धार कुणीही लावून देईल. मूठ मात्र माणसाच्या हातानं झिजते, ती दुसऱ्याच्या हाताला बसत नाही." आणि मग त्या त्या मुठीची गोष्ट.

पेठकडच्या एका पाड्यावर पाझर तलावाचं काम चालू असताना एका म्हाताऱ्यानं ट्रकच्या मोडक्या पाट्याचं पातं ठोकून, खैराची मूठ बसवून त्यांना चाकू करून दिला होता. "सायेब, ह्यो तुमाला. आमच्याकडं दुसरं काय हाय द्यायला?" हे सांगताना काकांचा आवाज दर वेळी त्याच शब्दाला भरून यायचा. निफाडच्या एका द्राक्षबागवाल्यानं आपला कलमाचा चाकू दिला होता, एका अंगानं सपाट पात्याचा. त्याची पहिली बाग त्याच चाकूवर उभी राहिली होती. मेव्हण्यानं मस्कतहून आणलेला लाल, बारा पात्यांचा होता. त्यातली दात कोरायची काडी हरवली होती आणि ती कुणी हरवली त्या पाहुण्याचं नाव काका अजून घेत. मनमाडच्या एका ड्रायव्हरचा खटक्याचा होता. तो उघडला की मी दचकायची आणि काका लहान मुलासारखे हसायचे. आणि एक माशाच्या आकाराचा पितळी चाकू, वणीच्या यात्रेतला. "हा आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रातला. आम्ही दोघं गेलो होतो गडावर."

मी मान डोलवायची. मला वाटायचं, एवढ्याशा वस्तूंत इतकी माणसं जपून ठेवणाऱ्याचं मन केवढं असेल. वस्तूंवर जीव असलेल्या माणसाबद्दल आपण असं उगाच समजून चालतो.

पहिल्यांदा तो खण बघितला तेव्हा खरं तर माझी नजर चाकूंवर गेलीच नव्हती. आत लाकडी पट्ट्यांचे कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात, चाकूखाली, पैठणीचा तुकडा होता. पदराचे तुकडे. मोराची मान एका कप्प्यात होती आणि पिसारा दुसऱ्यात. तो पदर असा कप्प्याकप्प्यांत पाहून मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. वडिलांना एकेक मोर विणताना मी पाहिलं होतं. संध्याकाळी मागावरून उठले की त्यांची बोटं सरळ व्हायची नाहीत.

"ही पैठणी," मी म्हटलं, "अशी कापली?"

"रेशमावर पातं गंजत नाही. मखमल ओल धरते," काका म्हणाले. "तुम्हाला ठाऊकच असेल, येवलेकर."

मला ठाऊक होतं ते नेमकं उलटं होतं. पावसाळ्यात रेशमाच्या लडी कोरड्या ठेवताना आईचा जीव मेटाकुटीला यायचा. पण मी एवढंच विचारलं, "कुणाची होती?"

"घरातलीच. पडून होती."

दारात काकू चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

खणातला मधला कप्पा रिकामा होता. त्यातलं रेशीम सगळ्यांत चांगलं होतं, अख्खा एक मोर. "तिथलं विचारू नका," असं काका स्वतःच म्हणाले आणि मग स्वतःच सांगू लागले. तिथे त्यांच्या वडिलांचा चाकू होता. वडील पेठला शाळामास्तर. सांबरशिंगाची मूठ, पात्याला टोकापाशी एक खाच. गावभरच्या पोरांचे बोरू मास्तर त्या चाकूनं तासून द्यायचे. रांग लागायची. त्या रांगेत हेही उभे राहायचे. यांची पाळी आली की मास्तर म्हणायचे, "तू माझा मुलगा. तुझा तू तास." चाकू मात्र द्यायचे नाहीत. हे फरशीवर घासून बोरूला टोक काढायचे.

"वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाखालून मी तो काढून घेतला," काका म्हणाले. "भाऊ दागिने वाटत बसले होते. मी म्हटलं, मला एवढाच पुरे."

"मग तो गेला कुठे?"

"चोरला. घरातल्याच माणसानं." आणि त्यांनी खण बंद केला.

घरातलं माणूस म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, विनू. मी राहायला आले त्याच्या तीनेक वर्षं आधीच तो घर सोडून गेला होता. हे मला काकांकडून कळलं नाही. काकू दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात जायच्या. एकदा रस्ता ओलांडायला सोबत म्हणून मला घेऊन गेल्या, तर देवळाच्या अलीकडे एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरल्या. आत उभ्या उभ्या त्यांचा चेहरा असा काही बदलला की मी दुसरीकडे बघत राहिले. दार नीट लागत नसे, त्यामुळे ऐकू यायचंच. "जेवलास का?" "पाठ दुखते का अजून?" आणि शेवटी दर वेळी, "हो रे, विचारतात. परवाच विचारत होते."

पुढच्या एका गुरुवारी त्या बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका खरंच विचारतात?"

"छे," काकू म्हणाल्या. "त्यांच्यासमोर त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. चाकू घेऊन आलास तरच या घरात पाय ठेव, असं सांगून घालवलंय त्याला. कॉलेज संपायचं होतं अजून. एका पिशवीनिशी गेला पोरगा."

"पण त्यानं घेतला होता का?"

काकू देवळाकडे चालू लागल्या. देवळात जाऊन प्रदक्षिणा घातली, येताना फुटाणे घेतले. मला त्या वेळी वाटलं की घेतलाच असेल, म्हणून आई गप्प आहे.

त्या गुरुवारांमुळे काकू माझ्याशी मोकळ्या झाल्या. काका रविवारी सांगायचे त्या गोष्टींची दुसरी बाजू मला हळूहळू कळू लागली. पेठच्या म्हाताऱ्यानं चाकू दिला त्या आठवड्यात विनूला विषमज्वर झाला होता, काकू एकट्या त्याला घेऊन दवाखान्यात बसल्या होत्या, आणि काका आले ते दारातूनच "बघ काय मिळालं" म्हणत. निफाडच्या बागवाल्यानं तो कलमाचा चाकू मोठ्या खुशीनं दिला नव्हता. काकांनी तो बघायला म्हणून घेतला आणि आठ-पंधरा दिवस खिशात घालूनच बांधावर जात राहिले. कॅनॉलचं पाणी ज्याच्या हातात, त्याच्याकडे आपला चाकू परत कोण मागणार? शेवटी त्यानंच म्हटलं, राहू द्या साहेब.

"आणि मासा?" मी विचारलं.

"वणीचा?" काकू हसल्या. "मला बांगड्या भरायच्या होत्या गं देवीच्या दारात. नवी नवरी होते मी. हे म्हणाले, इथेच थांब, हलू नकोस, आलोच. आणि चाकूवाल्याकडे गेले ते दुपार उलटून गेल्यावर आले. उन्हात उभी होते मी, हलले नाही. पायाला फोड आले. आले तेव्हा माझ्या तोंडासमोर तो मासा उघडला-मिटला आणि म्हणाले, बघ, जिवंत वाटतो की नाही?"

हे त्या रागानं सांगत नसत. राग सांगण्याच्या पलीकडे गेलेला असावा. मी मात्र त्यानंतर रविवारी सतरंजीवर बसायला जाईनाशी झाले. काकांना दुसरे श्रोते मिळाले. शेजारच्या बंगल्यातले प्राध्यापक, वीज मंडळातले एक गृहस्थ. मागच्या दारातून मला हशा ऐकू यायचा आणि मग त्या ठरलेल्या शब्दाला भरून आलेला आवाज.

एका भाच्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा काकांनी त्या मुलीसमोर पेरू आणि चाकू ठेवून "काप बघू" म्हटलं होतं. ती मुलगी पेरू नुसताच उचलून दातानं तोडून खाऊ लागली. लग्न मोडलं. ही गोष्ट काका लोकांना त्या मुलीचा अडाणीपणा म्हणून सांगायचे. काकू ती मला सांगताना पोट धरून हसल्या होत्या. त्यांना इतकं हसताना मी एकदाच पाहिलं.

दोन हजार साल उलटलं आणि थंडीत काकूंच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून काढे झाले. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की गाठ पसरली आहे, आता घरीच ठेवा, खायला मागतील ते द्या. काका त्या काळात वाईट वागले असं म्हणता येणार नाही. रोज संत्रं सोलून द्यायचे, फोडीवरची साल पात्याच्या टोकानं काढून, बिया काढून. ते काम इतकं सुबक असायचं की बघत राहावं. फक्त काकूंना संत्रं नको असायचं. त्या ते ठेवून द्यायच्या आणि दुपारी मला खायला लावायच्या.

विनूला फोनवर त्या सांगायच्या, जरा कसकस आहे. मी म्हटलं, त्याला खरं सांगू या, बोलावून घेऊ या. तर म्हणाल्या, "मी बोलावलं तर तो येईल, आणि हे पुन्हा दारातून घालवतील. ते मला आता बघवायचं नाही. ह्यांनीच बोलवायला हवं."

मग एका रविवारी सकाळी त्यांनी मला निरोप पाठवला. मी गेले तर त्या उशीला टेकून बसल्या होत्या, वेणी घातलेली, कुंकू नीट लावलेलं. काकांनाही त्यांनी आत बोलावलं होतं. बाहेर सतरंजीवर चाकू उघडेच पडले होते.

"तू इथं बस," त्या मला म्हणाल्या. "तू असलीस की हे ओरडणार नाहीत." आणि मग काकांकडे वळून, "अहो, तुमचा चाकू विनूनं घेतला नाही. मी घेतला."

काकांनी दारातून बाहेरच्या सतरंजीकडे पाहिलं.

"त्या चाकूनं तुम्ही माझी पैठणी कापलीत. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर तुम्ही जमिनीवर पदर पसरून, पट्टी लावून कापत होता. माझ्या आईनं दिलेली. तिच्यामागे माझ्याकडे तेवढीच होती. मी म्हटलं, हे काय? तर तुम्ही म्हणालात, माप चुकेल, मधे बोलू नकोस." काकूंना दम लागला. मी पाणी दिलं, त्यांनी हातानंच बाजूला केलं. "दुसऱ्या दिवशी मी तो चाकू पदरात बांधला, विनूच्या लुनावर मागे बसले आणि गंगेवर जाऊन टाकून आले. त्यानं विचारलं, आई, काय टाकलंस? मी सांगितलं. तुम्ही त्याला मारलंत तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी बोलायला पाहिजे होतं. मला तुमची भीती वाटली. मग दिवस जात राहिले. तो माझ्यासाठी गप्प राहिला आणि मी त्याला तसं राहू दिलं. आता मला हे घेऊन जायचं नाही."

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी खुर्चीचा हात धरला, सोडला. मला वाटलं, हा माणूस आता रडेल. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दयाही आली.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

काकूंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी विचारलेला तो प्रश्न त्यांना ऐकू आला होता. "पिंपरीला असतो. कारखान्यात आहे. चांगलं चाललंय त्याचं. शेजाऱ्यांचा नंबर हिच्याकडे आहे, आत्ता लावला तर..."

"तो नाही," काका म्हणाले. "चाकू. नेमका कुठे टाकलास?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं. आश्चर्य मला वाटलं होतं.

"दुतोंड्या मारुतीसमोर," त्या शेवटी म्हणाल्या. "रामकुंडाच्या बाजूच्या पायऱ्यांवरून."

"मारुतीच्या उजव्या अंगाला की डाव्या?"

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून काका गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊ लागले. जुन्या लाउडस्पीकरमधलं गोल लोहचुंबक त्यांनी कुठूनतरी मिळवलं, त्याला नायलॉनची दोरी बांधली आणि सकाळी संत्रं सोलून झालं की स्कूटरवरून निघायचे. पायरीवर रुमाल अंथरून बसायचे, चुंबक पाण्यात सोडायचे, हळूहळू ओढायचे. काय काय निघायचं त्याला. खिळे, पत्र्याचे देव, फोटोच्या चौकटींच्या तारा, एक कुलूप. तिथे पाण्यातली नाणी काढणारे लोक असतात, त्यांची यांच्याशी ओळख झाली. मी एकदा ऑफिसला जाताना मुद्दाम तिकडून गेले, तर त्यांच्यातला एक जण काकांना समजावत होता.

"बाबा, लय गाळ हाय इथं. दरसाल पूर येतो. तुमचा चाकू आता पार नांदूरमधमेश्वरला गेला आसंल."

"पाण्याचं मला सांगू नकोस," काका म्हणाले. "जड वस्तू वाहत नाही. पायरीच्या बुडाशी बसते. आयुष्य गेलंय माझं यात."

मला बघून ते खुश झाले. म्हणाले, मारुतीच्या उजव्या अंगाचं सगळं झालंय, आता डावीकडे सुरू केलंय.

"काका," मी म्हटलं, "विनूला फोन करू का? काकूंकडे फार दिवस नाहीत."

"चाकू सापडू दे. मग बोलावतो."

"पण त्यानं घेतलाच नव्हता ना?"

"मी त्याला शब्द दिलाय, येवलेकर. चाकू येईल तेव्हा तू ये, असा. शब्द म्हणजे शब्द. चाकू आला की तोही आला."

त्या दिवशी संध्याकाळी मी हे काकूंना सांगितलं. माझ्या मनात आलं होतं की हा माणूस कदाचित मुलालाच शोधत असेल, त्याला दुसरी रीत ठाऊक नसेल. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुला चांगलं वाटतंय तर तसं समज."

रोज घरी आल्यावर काका त्यांच्या उशाशी बसून कुठपर्यंत पाहिलं ते सांगायचे. पायऱ्यांचा नकाशा चादरीवर बोटानं काढायचे. "इथे? की जरा पुढे? हात कसा उगारला होतास? वरून की खालून?" काकू उत्तर देत नसत. काकांना वाटायचं की ती हट्टानं सांगत नाही. "आयुष्यभर अशीच," असं ते माझ्यापाशी कुरकुरले होते.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी काकू गेल्या. घरात मी आणि कामाला येणारी बाई. काकूंनी पाणी मागितलं, चमचाभर घेतलं, आणि दुसरा चमचा ओठाबाहेर ओघळला. शेवटी काही बोलल्या नाहीत. मी रिक्षा करून गंगेवर गेले. काका त्यांच्या नेहमीच्या पायरीवर होते. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि पाण्यातली दोरी ओढायला लागले.

"काका, चला."

"एवढं गुंडाळतो. गुंता झाला तर पुन्हा सुटत नाही."

ते दोरी कोपर आणि अंगठ्याभोवती एकसारखी गुंडाळत होते आणि मी शेजारी उभी होते. रिक्षावाला वरून हॉर्न वाजवत होता.

विनूला मी फोन केला. तो संध्याकाळच्या आत पोचला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल ऐकत होते तो माणूस प्रथमच बघितला. ठेंगणा, आईच्या चेहऱ्याचा, हातावर कारखान्यातल्या भाजल्याच्या खुणा. दारात तो थबकला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकले. अग्नी त्यानंच दिला. दोन दिवस तो पुढच्या व्हरांड्यात झोपला. काकू होत्या त्या खोलीत जायचा, पण हॉल ओलांडताना कडेकडेनं, पाहुण्यासारखा.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. काका, विनू, काकूंची धाकटी बहीण, एक भाचा आणि मी. गुरुजींनी विधी सांगितले. विनू मडकं घेऊन पाण्यात उतरला. पाणी मांडीपर्यंत होतं. गुरुजींनी सांगितलं तसं त्यानं मडकं वाकवलं आणि राख पाण्यावर पसरली. कडेला काही फुलं होती ती हळूहळू तिकडे सरकली.

"विनू," काकांनी हाक मारली.

सगळ्यांनी वर पाहिलं. मावशींनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत बापानं मुलाला मारलेली ती पहिली हाक होती. विनू रिकामं मडकं धरून वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं.

"जरा डावीकडे सरक," काका म्हणाले. "मारुतीच्या बाजूला. पायानं चाचपून बघ. तिथंच टाकला म्हणाली होती."

गुरुजींचा मंत्र थांबला. भाच्यानं "मामा!" म्हणून काकांचा हात धरला. मला वाटलं, विनू आता ओरडेल. ते मडकं पायरीवर फोडेल. त्यानं तसं करावं अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते.

त्यानं मडकं पाण्यात सोडून दिलं. एक पाऊल डावीकडे टाकलं आणि तळाशी पाय फिरवला. मग आणखी एक पाऊल. पुन्हा पाय फिरवला. पाण्यावरची राख त्याच्या ओल्या पंच्याला चिकटत होती. तो खाली बघत नव्हता, समोर बघत होता, आणि शाळेतल्या पोराला फळ्यासमोर उभं करावं तसा उभा होता.

"नाही अण्णा," तो म्हणाला. "काही लागत नाही."

"बरं. ये वर."

तो वर आला, पण पलीकडच्या पायऱ्यांनी. भाचा त्याचे कपडे आणि चपला घेऊन धावला. त्यानं ओल्या अंगावरच सदरा चढवला, मावशींना लांबूनच हात जोडले, रिक्षात बसला आणि बसस्टँडला निघून गेला. काकांना ते कळायला बराच वेळ लागला. ते पाण्याकडे बघत होते.